हात न टेकता

बाई जिन्यात पडल्या, असा निरोप थोरल्या मुलापर्यंत पोचला आणि तिथूनच सगळा घोळ झाला. बाई पडल्या नव्हत्या, बसल्या होत्या. खालच्या खुर्च्यांच्या कारखान्यातून वर घरात येताना मधल्या वळणावर अंगाला दरदरून घाम सुटला, हातपाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा शहाण्या माणसानं करावं तेच त्यांनी केलं. कठडा धरला आणि पायरीवर बूड टेकलं. आता बसल्यावर त्यांना वरही जाता येईना आणि खालीही येता येईना, हे खरं. नेमकी त्याच वेळी वाचनालयाच्या खुर्च्या बघायला आलेली मंडळी जिन्याखाली उभी राहून माना वर करून बघत होती, हेही खरं. पण पडणं वेगळं आणि बसणं वेगळं. हा फरक बाई त्या दिवसापासून येईल त्याला समजावून सांगत होत्या, आणि येणारा प्रत्येक जण मान डोलवून म्हणत होता, "हो, पण पडला असतात म्हणजे?"

रविवारी थोरला गाडी घेऊन आला तो या 'म्हणजे'चा निकाल लावायलाच.

थोरला पूल बांधणारा इंजिनिअर. मोठ्या शहरात, लिफ्ट असलेल्या उंच इमारतीत राहायचा. कुठला खांब किती भार पेलेल याचा विचार त्याच्या डोक्यात सतत चाललेला असे आणि माणसांकडेही तो त्याच नजरेनं बघायचा. आईचा खांब खचला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. एकटा आला असता तर बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता. पण येताना तो रंधाकाकांना बरोबर घेऊन आला होता, आणि तिथे बाई चपापल्या.

रंधाकाका म्हणजे बाईंचे धाकटे दीर. कारखाना भरात होता तेव्हा खुर्च्यांचे लाकडी सांगाडे त्यांनी करायचे, बाईंनी स्प्रिंगा बांधायच्या आणि बाईंच्या नवऱ्यानं वर कापड चढवायचं, अशी वाटणी होती. हातात कायम रंधा, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. लांबच्या लांब फळी खांद्यावर टाकून हा माणूस शीळ घालत फिरायचा. पुढे बाईंसारखाच त्यांनाही मधुमेह निघाला, पायाचं एक बोट काढावं लागलं आणि लेकीनं त्यांना आपल्या घरी नेलं. त्यानंतर बाई त्यांना बघत होत्या त्या आजच. थोरला आणि त्याचा धाकटा भाऊ त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून वर आणत होते. दारात उभ्या असलेल्या बाईंकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच नजर भिंतीकडे वळवली.

बैठकीच्या खोलीत त्यांना सोफ्यावर ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर. तो सोफा बाईंच्या नवऱ्याच्या हातचा. इतका खोलगट की बसलेला माणूस त्यात बुडूनच जायचा. बाई हल्ली त्याच्या वाटेला जात नसत. त्या खिडकीजवळच्या उंच, ताठ पाठीच्या खुर्चीत बसायच्या. खालून सरसाचा आणि पॉलिशचा वास नेहमीसारखा वर येत होता. समोरच्या रस्त्यावर रविवारची शांतता होती.

थोरल्यानं सगळं नीट मांडलं. त्याच्या घरात पूर्वेकडची खोली रिकामी होती. जिना नव्हता, उंबरासुद्धा नव्हता. दवाखाना समोरच. बायको घरात असायची, ती गोळ्यांच्या वेळा बघणार होती. आईनं फक्त यायचं आणि आराम करायचा. त्याच्या बोलण्यात कुठेही दमदाटी नव्हती, त्यामुळे त्याला तोडायचं कुठे ते बाईंना कळेना. बोलता बोलता तो काकांकडे वळला आणि म्हणाला की काकांनाच विचार, लेकीकडे गेल्यापासून त्यांना कशाची ददात आहे का. काकांनी मान हलवली. कशाची नाही.

"दादाचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

धाकट्याचं हे नेहमीचंच. सध्या कारखाना तो चालवायचा, हातही बापासारखा सफाईदार होता, पण घरात शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. बाईंना त्याचा राग आला नाही. त्या बघत होत्या धाकट्या सुनेकडे. ती भिंतीला टेकून कापडाचे नमुने रंगांप्रमाणे लावत बसली होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. तिच्यात आणि बाईंच्यात कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. गिऱ्हाइकांशी गोड बोलणारी ही सून घरात शब्दाला शब्द लावायची. थोरल्याला फोन करणारी तीच. बाई गेल्या की हा वरचा मजला मोकळा होणार, इथे तयार खुर्च्या मांडून ठेवता येणार, हे तिनं पूर्वी एकदा जेवताना बोलून दाखवलं होतं. म्हणजे थोरला आणि ही, दोघांनी मिळून बेत शिजवला, असा बाईंनी अंदाज बांधला.

"तुला दम लागतो, आई," थोरला म्हणाला. "लागत नाही म्हण."

ते खोटं नव्हतं, आणि त्याला जेवढं वाटत होतं त्याहून जास्त खरं होतं.

कामाचा थकवा बाई ओळखून होत्या. दिवसभर सुतळी खेचून स्प्रिंगा बांधल्या की खांदे भरून यायचे, बोटं ठणकायची, पण जेवून पाठ टेकली की सकाळी अंग पुन्हा हलकं. हा थकवा तसा नव्हता. हा झोपून उठल्यावरही उशाशी बसलेला असे. साखर चढली की डोळ्यांवर झापड यायची, उतरली की पोटऱ्यांत कापूस भरल्यासारखं व्हायचं. तळव्यांना जमीन जाड गालिच्यावरून लागल्यासारखी लागायची. कधी कधी नुसता हात वर करून फडताळातलं भांडं काढायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागे. आणि यातलं काहीच बाहेरून दिसत नव्हतं. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. दिसायचं ते एवढंच, की बाई बसल्यात. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की एक तर लोक म्हणणार आळस आहे, नाही तर म्हणणार वय झालं. दोन्ही ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती, तिनं मात्र न सांगता ओळखलं. तपासायला म्हणून तिनं बाईंना साध्या खुर्चीत बसवलं, दोन्ही हात छातीवर घडी करायला सांगितले आणि म्हणाली, आता हात न टेकता उठा. बाईंना हसूच आलं. मग त्या उठायला गेल्या आणि उठल्याच नाहीत. पुन्हा जोर केला. बूड जेमतेम सुटलं आणि परत आदळलं. जिनं जन्मभर लोकांना बसवलं तिला स्वतःला उठता येईना. पोरीनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एवढंच सांगितलं की हा आजार जुना झाला की मांड्यांतलं बळ खातो. दमतो म्हणून माणूस बसतो आणि बसतो म्हणून आणखी दमतो. उंच खुर्चीपासून सुरुवात करा, जमलं की थोडी कमी उंचीची घ्या, पण उपाशीपोटी करू नका.

उंच खुर्ची, कमी उंचीची खुर्ची. बाईंना दुसरं औषध सांगितलं असतं तर अवघड गेलं असतं. खुर्च्यांना काय तोटा होता? कारागीर दुपारी जेवायला बाहेर गेले की बाई कारखान्याचं दार लोटून घ्यायच्या. आधी उपाहारगृहाची उंच स्टुलं होती दुरुस्तीला आलेली, त्यांवर सुरुवात केली. मग लिहिण्याच्या टेबलाची खुर्ची, मग जेवणाच्या टेबलाची. दात-ओठ खात, हातांची घडी घालून, उठायचं आणि बसायचं. नशीब असं की एक उंची जमली की पुढची खुर्ची खिडकीजवळ जणू वाट बघत उभी असायची. ज्या दिवशी वाचनालयाच्या खुर्चीतून पहिल्यांदा उठता आलं त्या दिवशी बाईंना इतका आनंद झाला की त्या उठतच राहिल्या. सकाळची गोळी पोटात होती आणि जेवण वर टेबलावर झाकून ठेवलेलं होतं. उपाशीपोटी करू नका, हे वाक्य त्या सोयीस्कर विसरल्या. त्यानंतर जिना लागला.

म्हणजे चूक त्यांचीच होती. पण ते कबूल करायचं तर खुर्च्यांचं सांगावं लागणार, आणि सांगितलं की ते बंद होणार.

"वाचनालयाच्या माणसांसमोर शोभा झाली ती वेगळीच," थोरला म्हणत होता. मग तो भावजयीकडे वळला. "तूच सांग हिला. तू पाहिलंस. पडली तेव्हा कशी दिसत होती ते सांग."

धाकटीनं नमुन्यांची चवड बाजूला ठेवली.

"मी पडल्या असं म्हटलं नव्हतं, दादा. बसल्यात, साखर उतरली असणार, मी साखरपाणी दिलंय, असं म्हटलं होतं. पडल्या हे तुम्ही ऐकलंत."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"आणि फोन मी न्या म्हणून केला नव्हता. तुमची आई आहे, तुम्हाला कळायला हवं, म्हणून केला. साखर का उतरली तेही सांगते. त्या रोज दुपारी खाली खुर्च्यांवर उठबस करतात. त्या दिवशी न जेवता केली."

"उठाबशा?" थोरला म्हणाला. "या वयात? कुणी शिक्षा दिली?"

"दवाखान्यातल्या पोरीनं," बाई म्हणाल्या. आता झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. मग त्या सुनेला म्हणाल्या, "तुला कसं कळलं?"

"कापडाच्या खोलीला काच आहे, आई."

"मग बोलली नाहीस."

"तुम्ही माझ्याशी बोलता कुठे? आणि बोलले असते तर तुम्ही हट्टानं बंद केलं असतंत." ती आता त्यांच्याकडे बघून बोलत होती, नेहमीच्याच तिखट आवाजात. "लिहिण्याच्या खुर्चीनंतर जेवणाची खुर्ची खिडकीपाशी आपली आपण चालत आली असं वाटलं होतं का तुम्हाला? रोज सकाळी उंची मोजून ठेवत होते मी."

या सुनेला आपण इतकी वर्षं एका तराजूत तोलत आलो आणि काटा भलतीकडेच होता. पण बाई ओशाळल्या असं कुणाला दिसायला नको म्हणून त्यांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या की त्यातली एक खुर्ची डुगडुगत होती.

"मी पण तेच म्हणतो," धाकटा म्हणाला, "आईला इथे तशी काही अडचण नाही."

थोरला उठून उभा राहिला. आपल्या हातातून काहीतरी सुटतंय हे त्याला कळलं होतं, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. बाबांच्या आजारपणात तुम्ही दोघं कारखाना बघत होतात, म्हणाला. साखरेपायी पाय काढल्यावर बाबा आतल्या खोलीत पडून होते, तेव्हा त्यांना उचलून न्हाणीघरात नेणारा मी होतो. सुट्टी काढून, नोकरी टांगून. त्यांचं वजन कमी होत गेलं ते मला हातांना कळत होतं.

"मी बाबांना उचललंय, आई. पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही. तुझं तसं व्हायच्या आत मला तुला न्यायचंय. यात माझं काय चुकतंय ते सांग."

इतकी वर्षं तो हे बोलला नव्हता. त्याच्या पुलांच्या, खांबांच्या, उंबरा नसलेल्या खोलीच्या मागे ही भीती उभी होती, हे त्यांना आत्ता दिसलं. त्या काही बोलणार एवढ्यात सोफ्यातून आवाज आला.

"वहिनी, जाऊ नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रंधाकाका आल्यापासून चहाचा कप धरून नुसते बसले होते. साक्षीदार म्हणून आणलेला माणूस, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ते हळूहळू बोलले. लेक सोन्यासारखी आहे, जावई चांगला आहे, खायला-प्यायला वेळच्या वेळी मिळतं, यात काही खोटं नाही. गेलो तेव्हा काठी घेऊन चालत होतो. पण पाणी हवं म्हटलं की पाणी आणून देतात. पेपर हवा म्हटलं की हातात पेपर. उठायला लागलो की चौघं धावत येतात, पडाल म्हणतात. मग मी म्हटलं, कशाला त्यांच्या जिवाला घोर. उठायचंच बंद केलं.

"बोट कापलं तेव्हा मी अधू झालो नव्हतो," काका म्हणाले. "माझ्या पायांना कुणी काम ठेवलं नाही, तेव्हा झालो. मला आता दोन माणसं लागतात उठायला. आज तुम्ही मला पाहिलंतच."

"काका, तुमची गोष्ट वेगळी," थोरला म्हणाला.

"वेगळी कशी? तू हिला माझंच दाखवायला मला आणलंस ना? मग दाखवू दे."

थोरला लाल झाला. त्यानं काकांना उत्तर दिलं नाही, आईला दिलं. ठीक आहे, म्हणाला, एवढा सराव केलायस तर त्या सोफ्यावर बसून दाखव आणि ऊठ. माझ्यासमोर. उठलीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

धाकटी म्हणाली की त्या सोफ्यातून धडधाकट माणसाला उठता येत नाही, ही काय परीक्षा झाली? बाईंनी हातानं तिला थांबवलं. खुर्चीच्या हातांना धरून त्या उठल्या, खोली ओलांडली आणि काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. सोफ्यानं त्यांना आत ओढून घेतलं. गुडघे पोटाच्या वर आले. या सोफ्याच्या स्प्रिंगा त्यांनीच बांधल्या होत्या; किती आत जातात ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी छातीवर हातांची घडी घातली.

पहिल्या झटक्याला त्या नुसत्या पुढे झुकल्या आणि मागे आल्या. दुसऱ्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या, बूड सुटल्यासारखं वाटलं आणि नाहीच सुटलं. तिसऱ्यांदा कानात गुणगुण सुरू झाली. बाईंनी घडी सोडली. थोरला दोन ढांगांत पुढे आला आणि त्यानं आईच्या काखेत हात घातला.

"हात काढ."

"आई, पुरे झालं."

"हात काढ म्हटलं ना. मी सांगितलं का तुला उचल म्हणून?" त्यांना धाप लागली होती, पण शब्द स्पष्ट होते. "तुला भीती वाटते, ती मला कळली. पण बाबांना उचललंस म्हणून मलाही उचलायचं असं नाही. उचलू नकोस. नुसता थांब."

त्यानं हात काढले. बाईंनी श्वास घेतला. मग त्या इंच इंच करत पुढे सरकल्या, सोफ्याच्या कडेशी आल्या. पाय मागे ओढून घेतले. एक हात सोफ्याच्या दांड्यावर, दुसरा काकांच्या गुडघ्यावर. काकांनी गुडघा घट्ट केला. खोलीत बाकी सगळे उभे होते आणि कुणीच काही करत नव्हतं. कंबर वर आली. गुडघे वाकडेच राहिले. त्या तशाच अर्धवट थांबल्या, आणि थोरल्याचे हात पुन्हा पुढे आले आणि त्यानं ते स्वतःच मागे घेतले. त्याला ते किती जड गेलं ते बाईंना बघताही आलं नाही, कारण सगळं ध्यान मांड्यांत होतं. मग पाठ सरळ झाली. बाई उभ्या होत्या. घामानं चोळी भिजली होती आणि डोक्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"हात टेकून उठले," त्या म्हणाल्या. "न टेकता अजून जमत नाही. तू जिंकलास म्हण हवं तर. पण जमेपर्यंत मी इथून हलणार नाही. आणि जमल्यावर तर कशाला हलू?"

थोरल्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. धाकटीनं न विचारता बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र आणलं, बाईंचं बोट पुढे ओढलं, आकडा बघितला आणि जेवायला चला म्हणाली. बाई निमूटपणे गेल्या. ते बघून धाकट्याला चहाचा ठसका लागला.

जेवताना बाईंनी आपल्या अटी सांगितल्या आणि दुसऱ्यांच्या ऐकून घेतल्या. न जेवता खुर्च्यांकडे फिरकायचं नाही, ही सुनेची अट त्यांनी मान्य केली. दुपारी तास-दोन तास आडवं व्हायचं, आणि ते चोरून करायचं नाही, हीसुद्धा. लपवाछपवी बंद. दमले तर दमले म्हणायचं. थोरला ताटाकडे बघत जेवत होता. शेवटी त्या त्याला म्हणाल्या, "तुला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसव. एकाच बाजूला आहे. एवढे पूल बांधतोस, हे कधी दिसलं नाही तुला?"

हात धुतल्यावर तो खाली गेला आणि धाकट्याला टेपचं एक टोक धरायला लावून जिना मोजू लागला. मधल्या वळणाची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा उंच आहे, हे बांधणाऱ्यानं काय डोळे मिटून केलं होतं का, असं त्याचं करवादणं वरपर्यंत ऐकू येत होतं. बाईंना बरं वाटलं. हा त्यांचा ओळखीचा थोरला होता.

निघायची वेळ झाली तशी दोघे भाऊ खुर्ची घेऊन रंधाकाकांना न्यायला वर आले. काका सोफ्यात तसेच होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"वहिनी, खाली माझं सुतारकामाचं बाक आहे अजून?"

"आहे. त्यावर हिनं कापडाचे गठ्ठे ठेवलेत."

"ते हलवता येतील," धाकटी म्हणाली.

मग काकांनी थोरल्याला सांगितलं की लेकीला फोन लाव, मी इथे थोडे दिवस राहतो म्हणावं. थोरला हबकला. लेक काय म्हणेल, औषधं तिकडे राहिलीत, पायाची मलमपट्टी कोण करणार, एकेक करत त्यानं सगळं विचारून पाहिलं. काकांनी फक्त निघायला नकार दिला. फोनवर लेक आधी रडली, मग भांडली, मग संध्याकाळी औषधं घेऊन येते म्हणाली. धाकट्यानं मान डोलवली आणि म्हणाला की काका इथे राहिले तर बरंच आहे, सांगाड्यांची कामं तुंबलीत.

"राहा," बाई म्हणाल्या. "पण इथे आयतं पाणी मिळणार नाही, भाऊजी. आणि या सोफ्यात बसायचं नाही. उद्यापासून उंच स्टूल."

एकीला न्यायला आलेली गाडी एकाला ठेवून रिकामी गेली. गाडीत बसताना थोरल्यानं आईला वाकून नमस्कार केला आणि तिच्या हाताला धरून क्षणभर थांबला.

कठडा महिन्याभरात बसला. त्यानं स्वतः येऊन बसवला, दोन दिवस राहून, आणि उंच पायरीसुद्धा फोडून नीट केली. वाचनालयाच्या खुर्च्या तयार होऊन गेल्या. काका पहिल्या आठवड्यात स्टुलावरून उठताना दोनदा रागावून आता मी जातो म्हणाले आणि गेले नाहीत. आता भिंतीला धरून बाकापर्यंत जातात, बसूनच रंधा मारतात, आणि दुपारी बाई नि ते समोरासमोर खुर्च्या मांडून कोण आधी दमतं यावरून भांडतात. सून घड्याळाकडे बघत मधे पडते. तिच्यात आणि बाईंच्यात गोडवा आला असं मात्र कुणी समजू नये. खालच्या डुगडुगत्या खुर्चीवरून त्या दोघी अजून वाद घालतात, पण आता तोंडावर घालतात.

आणि थकवा? तो आहे. व्यायामानं पाय सुधारले, आजार कुठे गेला नाही. काही दिवस बरे जातात. एखाद्या दिवशी सकाळी डोळे उघडले तरी अंग म्हणतं आज नको. त्या दिवशी बाई उशिरा खाली येतात, सुतळी हातात घेतात आणि जेवढ्या होतील तेवढ्याच स्प्रिंगा बांधतात. पूर्वी हे त्यांना लाजिरवाणं वाटलं असतं.

अशाच एका दिवशी थोरल्याचा फोन आला. बाई नुकत्याच गादीवर आडव्या झाल्या होत्या. कशी आहेस, त्यानं विचारलं.

"दमलेय," बाई म्हणाल्या.

पलीकडे तो एकदम सावध झाला. त्याचा श्वास त्यांना ऐकू आला. पूर्वेकडची खोली अजून रिकामीच आहे, असं काहीसं तो चाचरत बोलायला लागला.

"अरे, दमलेय म्हटलं मी," बाई म्हणाल्या. "येते म्हटलं नाही."